बाळासकट बाबा, वजा बाबा

मी वजनकाटा बोलतोय. घाबरू नका, तुमचा आकडा चारचौघांत सांगणार नाही. पोट आत ओढायचीही गरज नाही, त्याने मला काही फरक पडत नाही. तरी लोक ओढतातच. माझ्यावर चढायच्या आधी खिशातल्या किल्ल्या काढतात, घड्याळ काढतात, चष्मासुद्धा काढतात आणि मग आकडा दिसत नाही म्हणून पुन्हा चढवतात. एवढं करून आकडा मनासारखा आला नाही, की माझ्याकडे असं बघतात, जणू काही फ्रीज मीच उघडून बसलो होतो.

माझा जन्म कारखान्यातला. चार पाय, काचेची पाठ आणि आकडे दाखवायला एक छोटी खिडकी. बाहेर पडण्याआधी एका बाईने माझ्यावर लोखंडी वजन ठेवलं, खिडकीत पाहिलं, मान हलवली आणि पोटाशी 'तपासले' असा कागद चिकटवला. माणसांना असं तपासून कुणी बाहेर सोडत नाही, हे पुढे अनुभवाने कळलं.

मला विकत घेतलं ते माझ्या मालकाने, लग्न ठरल्यावर. मालक स्क्रूच्या कारखान्यात तपासनीस आहे. त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक स्क्रू दाराबाहेर जात नाही, हे तो स्वतःच सांगतो, बहुधा जेवताना. लग्नाआधी वजन कमी करायचं म्हणून त्याने मला आणलं. पहिला आठवडा रोज चढला. नंतर रविवारी चढायचा. मग एका रविवारी आकडा बघून म्हणाला, "याची बॅटरी उतरलेली दिसते," आणि मला पायानेच पलंगाखाली सरकवलं. बॅटरी ठणठणीत होती.

पलंगाखाली माझी काही वर्षं गेली. सोबतीला एक चाक मोडलेली बॅग, एक तार तुटलेली बॅडमिंटनची रॅकेट आणि न उघडलेली व्यायामाची चटई. आमचं चौघांचं छान जमायचं. आम्ही सगळेच एकेका निश्चयाचे साक्षीदार होतो.

आणि मग घरात बाळ आलं.

हे मला कसं कळलं? घरातले सगळे एकदम कुजबुजत बोलायला लागले आणि एकच जण ओरडायला लागला, त्यावरून. ही ओरडणारी व्यक्ती म्हणजे मालकाची मुलगी. मी तिला बाईसाहेब म्हणतो. घरात दुसरं कुणी तिच्याइतकं स्पष्ट बोलत नाही. भूक लागली की सांगते, ओलं झालं की सांगते, कंटाळा आला की तेही सांगते. बाकीची तिघं, म्हणजे मालक, त्याची बायको आणि त्याची आई, काय झालंय ते सोडून सगळं बोलतात.

बाईसाहेब इस्पितळातून घरी आल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वजनाकडे लक्ष ठेवा. लसीला याल तेव्हा बघूच." असं त्या सगळ्यांनाच म्हणत असणार, जसं दुकानदार सगळ्यांना 'पुन्हा या' म्हणतो. पण माझ्या मालकाने हा साहेबाचा हुकूम समजून डोक्यात ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्याने पलंगाखाली झाडू घालून मला बाहेर ओढलं. आजींनी, म्हणजे त्याच्या आईने, मला ओल्या फडक्याने पुसलं. इतक्या वर्षांनी अंगाला हात लागला, बरं वाटलं. म्हटलं, चला, आता घरात आपल्याला मान आहे.

पहिली अडचण अशी, की मी पाच किलोंच्या आतल्या कुणाची दखलच घेत नाही. माझी बनावटच तशी. बाईसाहेबांना दुपट्यासकट माझ्यावर ठेवलं तेव्हा मी खिडकीत काहीही दाखवलं नाही आणि त्यांनी किंकाळी फोडली. काच गार होती. आजी धावल्या, बायको धावली, मालक मात्र विचारात पडला. तपासनीस विचारात पडला की घरच्यांनी सावध व्हावं, पण होत नाहीत.

"सोपं आहे," तो म्हणाला. "आधी मी एकटा उभा राहतो. मग हिला घेऊन उभा राहतो. बाळासकट बाबा, वजा बाबा. उरलं ते बाळ."

हिशेब बिनचूक होता. तो एकटा चढला, मी आकडा दिला. बाईसाहेबांना घेऊन चढला, मी दुसरा आकडा दिला. वजाबाकी इस्पितळातल्या वजनाशी तंतोतंत जुळली. मालकाचा चेहरा असा फुलला, की जणू वजाबाकीचा शोध त्यानेच लावला. बायकोनेही कौतुकाने पाहिलं. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला दिवस होता, आणि तो एकच होता.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेबांची अंघोळ झाल्यावर मालक त्यांना घेऊन चढला, आकडा पाहिला, आणि उतरला.

"अहो, आधी एकटे उभे राहा ना," बायको म्हणाली.

"माझं झालंय की काल."

"पण आजचं?"

"अगं, आमच्याकडे स्क्रू डब्यात भरतात. डबा मोजायचा एकदाच. त्याचं वजन त्याच्यावर लिहून टाकायचं. मग रोज भरलेला डबा मोजा, डब्याचं वजन वजा करा, झालं. रोज रिकामा डबा मोजत कोण बसतं?"

"म्हणजे तुम्ही डबा?"

"हिशेबापुरता."

आजी खूप हसल्या. बायकोही हसली. मीही हसलो असतो, पण मला तेव्हाच काळजी वाटायला लागली होती. पत्र्याचा डबा जेवत नाही, झोपत नाही, त्याला मूल होत नाही. त्यामुळे त्याचं वजन जन्मभर तेच राहतं. माझा मालक जेवायचा, झोपायचा, त्याला मूलही झालं होतं, आणि त्या मुलापायी जेवण आणि झोप दोन्ही नुकतंच बिघडलं होतं.

बाईसाहेब दिवसा झोपायच्या. रात्री त्यांना फेरफटका लागायचा, आणि तोही खांद्यावरून. मालक त्यांना घेऊन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालायचा. बायकोचं अंग अजून सावरलं नव्हतं, तेव्हा हे काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं होतं आणि मनापासून करत होता, हे मी कबूल करतो. सकाळी मात्र तो दाढीचा फेस दाताच्या ब्रशवर घ्यायचा. एकदा दोन वेगवेगळे बूट घालून कारखान्यात गेला. तिथे म्हणे एका स्क्रूकडे पाहता पाहता त्याला डुलकी लागली. स्क्रू चांगला निघाला.

जेवणाचीही तऱ्हा न्यारी. स्वयंपाकघर आजींच्या ताब्यात. अंडी, दूध, बदाम, गरम भात, जे काही चांगलं ते आधी सुनेच्या ताटात. बाळंतिणीने खायला हवं, यात कुणाचं दुमत नव्हतं. मालक उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायचा. घास हातात, तेवढ्यात बाईसाहेबांचा आवाज. मग घास परत ताटात, ताट ओट्यावर, आणि ओट्यावरून पुढे त्या ताटाचं काय झालं याची चौकशी कुणीच करायचं नाही.

आठवडा झाला. रोजच्यासारखी तपासणी भरली. मालक बाळाला घेऊन माझ्यावर, बायको समोर पलंगावर, आजी दारात.

"तेवढंच," मालक म्हणाला.

"तेवढंच कसं?" आजींनी विचारलं.

"वाढलं नाही."

वाढलं होतं! बाईसाहेबांनी आपलं काम चोख केलं होतं. पोटभर प्यायच्या, ढेकर द्यायच्या, वाढायच्या. पण जेवढं मुलीने कमावलं, तेवढंच बापाने गमावलं होतं, आणि मला दोघांचा मिळून एकच आकडा दाखवता येतो. तो मी खरा दाखवला. पुढची वजाबाकी माझ्याकडे नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात आकडा थोडा घसरला. आता घराचा रंगच बदलला. आजींची एक पद्धत आहे. सुनेला काही बोलायचं असलं की त्या पडद्याशी बोलतात. पडदा सरळ करत त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी काटेबिटे नव्हते, पण पोरं कशी दिसामाशी वाढायची. दूधच तसं असायचं." पडदा गप्प राहिला. सुनेने बाईसाहेबांना पुन्हा पाजायला घेतलं. बाईसाहेब नुकत्याच प्यायल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

"बघा, ओढतच नाही," आजी पडद्याला म्हणाल्या.

सगळ्यांत मोठी गंमत कपड्यांची. बाईसाहेबांची झबली घट्ट व्हायला लागली, बंद बांधता येईनात. एखाद्या अडाणी काट्यालाही यातून अर्थ लागला असता. पण आजींनी झबलं उजेडात धरून पाहिलं आणि निकाल दिला, "नवी पावडर आणलीय ना धुण्याची, त्याने आटलंय." त्याच धुण्यातली मालकाची पॅन्ट मात्र कमरेवरून खाली यायला लागली. त्याने पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं आणि म्हणाला, "कापड ताणलं गेलंय." म्हणजे एकाच बादलीत, एकाच पावडरीने, मुलीचं कापड आटत होतं आणि बापाचं ताणलं जात होतं. घरात तीन मोठी माणसं होती. तिघांनाही यात काही विशेष वाटलं नाही.

गाल वर आले तर आजींना शंका, "सूज तर नाही ना?" मांडीला वळ्या पडल्या तर मालक म्हणाला, "वळ्या वजनात धरत नाहीत." हे त्याने कुठून काढलं, देव जाणे.

बायकोची मोठी बहीण फोनवर विचारायची, "झोपते ना? दुपटी ओली करते ना? हसरी आहे ना?"

"हो गं ताई. पण काटा..."

"काट्याला काय कळतंय!"

हे मात्र मला लागलं. पण काट्याला काय कळतंय हे कुणी विचारत नव्हतंच, सगळे फक्त मालकाची वजाबाकी ऐकत होते.

काळजीने मालकाची भूक गेली. इथे मला खरंच कपाळाला हात लावावासा वाटला, पण मला दोन्हीपैकी काहीच नाही. तो आपल्या ताटातलं अंडं उचलून बायकोच्या ताटात ठेवायचा. "तू खा. तुला गरज आहे." ती नको नको म्हणायची, तो ठेवायचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आणखी खाली. मग तो दूधही सोडायचा. आकडा आणखी खाली. जितकी काळजी, तितका तो रोड, आणि जितका तो रोड, तितकं बाळ हलकं! इतक्या प्रेमाने इतकी घोडचूक मी दुसरी पाहिली नाही.

एकदा कपाटावरची दुपट्यांची पिशवी काढायची होती. स्टूल सापडेना, म्हणून मालक सरळ माझ्यावरच चढला, एकटा. माझी चार बोटं उंची, तिचा त्याला काय उपयोग व्हायचा होता कोण जाणे. पण मी संधी साधली. झटकन जागा झालो आणि खिडकीत त्याचा एकट्याचा आकडा लावून टाकला. किती उतरलाय ते तिथे लख्ख दिसत होतं. टाचा उंचावून, हात वर करून, तो कपाटावर चाचपडत राहिला. पिशवी मिळाली. तो उतरला आणि गेला. माझा आकडा थोडा वेळ तसाच राहिला आणि मग विझला.

लसीच्या आधीच्या शनिवारी निर्णय झाला. निर्णय मालकाने आणि आजींनी घेतला, बायकोला कळवण्यात आला. मालक दुकानातून डब्यातलं दूध घेऊन आला आणि डबा टेबलावर ठेवला.

"सोमवारी लसीला जायचंय. डॉक्टरांना विचारू आणि सुरू करू. वरचं दूध म्हणजे काही वाईट नाही," तो म्हणाला. आवाज मऊ होता. तो वाईट माणूस नाही. "आकड्यांपुढे आपण काय करणार?"

"मी अजून थोडे दिवस बघते ना," बायको म्हणाली.

"अजून किती दिवस? उतरतच चाललंय."

आजी पडद्याशी काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं असावं.

दुपारी ती एकटीच खोलीत होती. मी पलंगाच्या पायाशी. बाईसाहेब पोटभर पिऊन तिच्या मांडीवर झोपल्या होत्या, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत होतं. तिने ते पदराच्या टोकाने पुसलं आणि म्हणाली, "माझ्याकडून होत नाहीये का गं तुझं?" मग रडली. आवाज न करता, खांदे हलवून, मूल उठू नये म्हणून.

सरळ सांगतो, मला वाईट वाटलं. इतकं वाईट मला पलंगाखाली पडून राहिल्याचं कधी वाटलं नव्हतं. दूध ओठावरून ओघळत होतं आणि ती माझ्याकडे बघून स्वतःला दोष देत होती. मला फक्त आकडे येतात. त्या क्षणी निदान एक वाक्य आलं असतं, तर बाकीचे सगळे आकडे मी सोडून दिले असते.

सोमवारी दवाखान्यात मलाही नेण्यात आलं. मालकाने मला कापडी पिशवीत घातलं, शेजारी दुधाचा डबा. "डॉक्टरांना प्रात्यक्षिक दाखवतो," तो म्हणाला. बसायच्या खोलीत सगळ्यांच्या मांडीवर मुलं होती, माझ्या मालकाच्या मांडीवर मी. शेजारचे गृहस्थ बराच वेळ पिशवीकडे बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "दुकान आहे का आपलं?"

आत नर्सबाईंनी बाईसाहेबांचे कपडे काढले आणि पसरट तागडीच्या काट्यावर झोपवलं. तो काटा आमच्यातला मोठा अधिकारी. लहान जिवांनाही ओळखतो. त्याने आकडा दाखवला.

"वा, छान वाढलीय की!" नर्सबाई म्हणाल्या.

"शक्य नाही," मालक म्हणाला.

नर्सबाईंनी मान वर केली. "काय शक्य नाही?"

"वजन कमी होतंय तिचं. मी रोज करतो. तुमचा काटा एकदा तपासून घ्या."

नर्सबाईंचा चेहरा जो झाला, तो मी कारखान्यातल्या त्या बाईचाही कधी पाहिला नव्हता. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बाईसाहेबांना उलटंसुलटं पाहिलं, छाती तपासली, मांडी दाबून पाहिली. बाईसाहेबांनी त्यांच्या हातावर ओलं केलं.

"उत्तम आहे," डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या. "कोण म्हणतं कमी होतंय?"

"दाखवतोच," म्हणत मालकाने मला पिशवीतून काढून फरशीवर ठेवलं. चपला काढल्या. बाईसाहेबांना घेऊन चढला. आकडा मोठ्याने वाचला, त्यातून स्वतःचा वजा केला, उत्तर मोठ्याने सांगितलं. "बघा! जन्मली तेव्हापेक्षाही कमी. हे दूध आणलंय, सुरू करू ना?"

डॉक्टरीणबाई काही बोलणार होत्या. पण बायकोने हात वर केला. इतका वेळ ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती, बोलावलेल्या आरोपीसारखी. आता ती मालकाकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, पट्ट्याकडे. पट्ट्याच्या खाली पॅन्टला चुण्या पडल्या होत्या, आणि पट्ट्याचं टोक मागच्या खिशापर्यंत गेलं होतं. रोज तो असा समोर उभा राहायचा तेव्हा तिची नजर बाळावर असायची; नवऱ्याकडे तिने कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं असेल.

"तिला इकडे द्या," ती उठून म्हणाली. "आता उतरा. आणि परत चढा. एकटे."

"माझं कशाला? माझं मला माहीत..."

"चढा."

तो चढला. जन्मभर मी ज्या क्षणासाठी बनलो होतो, तो हाच, असं मला वाटलं. मी आकडा लावला. त्याने सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. पुन्हा खाली पाहिलं. मग एक पाय उचलून पाहिला, मग दोन्ही टेकवले. मी ढिम्म हललो नाही.

नर्सबाईंनी हिशेब सगळ्यांत आधी केला. त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"म्हणजे..." मालक म्हणाला.

"म्हणजे डबा गळतोय तुमचा," बायको म्हणाली.

आणि मग तिचं 'अहो' गळून पडलं. "रोज सकाळी मला समोर बसवून आकडा सांगायचास! रोज! मी रडायचे ते दिसायचं तुला, हिचं कापड तोकडं पडलेलं दिसत नव्हतं? वाळत तू चाललास आणि दूध माझं कमी?" ती ओरडत होती आणि रडत होती, आणि यावेळी मूल उठेल याची तिला पर्वा नव्हती. बाईसाहेब तिच्या खांद्यावरून सगळ्यांकडे बघत होत्या. पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी स्पष्ट बोलत होतं, त्यामुळे त्यांना बोलायची गरज पडली नाही.

मालक माझ्यावरून उतरलाच नाही. तिथेच उभा राहून म्हणाला, "चुकलं माझं." मग म्हणाला, "फार चुकलं गं." स्क्रूच्या तपासनीसाला इतका पडेल चेहरा शोभत नाही, पण मला तो त्या दिवशी आवडला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, त्याचं ब्लडप्रेशर घेतलं, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. "बाळाला दूध व्यवस्थित पुरतंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोण जेवायला घालतं?" मालक पट्ट्याचं लोंबतं टोक खिशात कोंबायला लागला. दुधाच्या डब्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "ज्यांना लागतं त्यांच्यासाठी चांगलं आहे हे. हिला लागत नाही. परत करून टाका."

घरी येताना ती त्याच्याशी बोलली नाही. घरी आल्यावरही नाही. पण ताट वाढलं, ते त्याच्यासमोर ठेवलं, आणि तो संपवेपर्यंत समोर बसून राहिली. बाईसाहेब मध्येच ओरडल्या तेव्हा तो उठायला लागला. तिने नुसतं पाहिलं. तो बसला आणि पुढचा घास घेतला.

आजींना सगळं सांगितल्यावर त्या काय म्हणाल्या असतील? "मी म्हणतच होते, पोरगं वाळलंय म्हणून." कधी म्हणत होत्या, कुणाला म्हणत होत्या, पडद्यालाच ठाऊक. संध्याकाळी मात्र त्या खोलीत आल्या, पडदा उगाचच सारखा केला आणि पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "माझंही चुकलंच जरा. बाळंतिणीला बोलू नये असं." सुनेने पडद्याच्या वतीने उत्तर दिलं, "बसा आई. जरा घ्या हिला, मी पडते थोडी." आजी बसल्या. सून तशीच आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली.

माझं काय झालं? न्याय झाला. ज्याने सतत खरं सांगितलं, त्याला शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी बायकोने माझ्या पोटाचं झाकण उघडलं, दोन्ही बॅटऱ्या काढल्या आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घातल्या. माझा जीव सध्या तिथे आहे. रात्रीच्या बातम्या सुरू झाल्या की मला बरं वाटतं, आपण अजून कुणाच्या तरी कामी येतोय. पलंगाखालची माझी जुनी जागा चाक मोडलेल्या बॅगेने राखून ठेवली होती. चटईने विचारलं, बाहेर काय चाललंय? मी म्हटलं, बाहेर सगळे जेवतायत.

तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्या घरी लहान मूल आलं आणि माझ्या भाऊबंदांपैकी कुणाला बाहेर काढलंत, तर जरूर काढा, अंग पुसा, आम्हाला आवडतं. पण बाळाला हातात घेऊन जो कोणी उभा असेल, त्याच्या तोंडाकडेही एकदा बघा. आम्हाला ते दिसतं, पण सांगता येत नाही, आमच्या खिडकीत फक्त आकडे मावतात.

परवाचीच गोष्ट सांगून तुमची रजा घेतो. बाईसाहेबांची अंघोळ झाली. मालकाने सवयीने पाय पलंगाखाली घालून मला बाहेर ओढलं आणि मग त्याला आठवलं. तो कानकोंडा होऊन बायकोकडे बघायला लागला. आता त्याच्या गालावर पुन्हा थोडं मांस आलं आहे.

"बॅटरी नाहीये त्यात," ती टॉवेल झटकत म्हणाली.

"माहितीय. असंच."

मग तिने बाईसाहेबांना उचललं आणि त्याच्या हातांत दिलं. "सांगा."

"काय सांगू?"

"किती झालीय ते. तपासनीस ना तुम्ही?"

तो जमिनीवरच उभा राहिला. बाईसाहेबांना त्याने जरा वर केलं, जरा खाली केलं, मग छातीशी धरलं. बाईसाहेबांनी त्याचं नाक पकडलं. त्याला आकडा सांगता येईना. तीन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"पुष्कळ," तो शेवटी म्हणाला.

पुष्कळ! ज्या माणसाने केसाएवढ्या फरकासाठी पेटीभर स्क्रू परत पाठवले, तो हे बोलला. असला आकडा दाखवायची सोय माझ्यात नाही, बॅटरी असली तरी नाही. मी बायकोकडे पाहिलं. आता ती त्याची चूक काढणार, अशी माझी खात्री होती.

"बरोबर," ती म्हणाली, आणि त्या दिवसाचं वजन झालं.